उनपदेवचं पाणी, साठ अंशांची प्लेट आणि जिओबॅसिलसचं नाव: नवख्यांसाठी

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं आणि खालच्या कुंडात लोक आंघोळ करतात. शरभंग ऋषींचा आश्रम इथेच होता, असं आमच्याकडे सांगतात. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी तिथलं पाणी आणलं, सहा महिने त्यात घातले आणि तोंडी परीक्षेत जिवाणूचं नाव छातीठोकपणे सांगून तोंडावर आपटले. मला जेवढं कळलं होतं त्यापेक्षा मी जास्त सांगून बसले होते.

तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन ज्युनियरांचे फोन येतात. "ताई, प्लेट सुकून पापड झाली." "ताई, ब्लास्टमध्ये पाच नावं येतात, कुठलं लिहू?" (ब्लास्ट म्हणजे जनुकाची अक्षरं साठ्यातल्या जनुकांशी जुळवून पाहणारं संगणकावरचं साधन.) प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजात बसून उष्णताप्रेमी जिवाणूंवर काम करणाऱ्यांसाठी हे आहे. जिओबॅसिलस ही जिवाणूंची प्रजाती (जीनस, जिच्यात अनेक जाती येतात) मी धरली आहे, कारण गरम झऱ्यातून न्यूट्रिअंट अगार या साध्या, जेलीसारख्या माध्यमावर उगवणाऱ्यांत तीच किंवा तिची भावंडं तुमच्या हाती लागण्याची शक्यता जास्त.

आधी सामान आणि कागद

- ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तापाचा अजिबात नको. माझ्या मैत्रिणीने तापाचा थर्मामीटर गोमुखाखाली धरला, पारा टोकाला जाऊन काच तडकली. तो ४२ अंशांसाठी बनवलेला असतो, त्याचा काय दोष.
- पीएच पट्ट्या, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने) निर्जंतुक केलेल्या झाकणाच्या बाटल्या (एका जागेसाठी तीन), घरातला चहाचा थर्मास, जाड रबरी हातमोजे, दोरी.
- कायम मार्कर, चिकटपट्टी, वही. बाटलीवर आधी लिहायचं, मग भरायची. ओल्या बाटलीवर मार्कर चालत नाही.
- विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र. झरा वनहद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी. देवस्थान असेल तर तिथल्या मंडळींना आधी सांगून ठेवा. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. तुमच्या नमुन्याला काय लागतं ते मार्गदर्शकांकडून लेखी विचारून घ्या. पुढे कल्चर (म्हणजे वाढवलेला जिवाणू) परदेशात पाठवायची वेळ आली तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया लागते, आणि ती आदल्या आठवड्यात उरकत नाही.

१. पाणी आणण्याआधी घराणं समजून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती, आणि तोंडी परीक्षेत नेमकी इथेच अडकले.

१९२० साली डोंक नावाच्या संशोधकाने डबाबंद अन्न नासवणारा एक जिवाणू वर्णन केला आणि त्याला बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नाव दिलं. चरबी आणि उष्णता आवडणारा, असा त्याचा अर्थ. डबाबंद मालाच्या कारखानदारांना तो चांगला ठाऊक आहे. हा वाढला की डबा फुगत नाही, बाहेरून ठणठणीत दिसतो, आतला माल मात्र आंबट झालेला असतो. पुढची कित्येक वर्षं ५५-६० अंशांवर वाढणारा आणि बीजाणू (उष्णता सोसणारी सुप्त अवस्था) करणारा कुठलाही दांडुका दिसला की त्याला हेच नाव चिकटवत. गावात कुणीही अनोळखी आला की त्याला 'पाव्हणं' म्हणून मोकळं व्हावं, तसं.

१९९१ मध्ये १६एस आरआरएनए या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाच्या तुलनेतून दिसलं की बॅसिलस ही एक प्रजाती नाहीच. तिच्या पोटात निदान पाच वेगळी घराणी आहेत, आणि उष्णताप्रेमी मंडळी त्यातल्या पाचव्या गटात बसतात. २००१ मध्ये नाझिना आणि सहकाऱ्यांनी तेलविहिरींतून मिळालेल्या जिवाणूंवर काम करताना या गटाला वेगळं नाव दिलं, ते जिओबॅसिलस. जिओ म्हणजे भूमी, बॅसिलस म्हणजे छोटी दांडी. दोन नव्या जाती त्यांनी मांडल्या. त्यातली उझेनेन्सिस ही कझाकस्तानातल्या उझेन तेलक्षेत्राच्या नावावरून. बॅसिलसमधल्या सहा जुन्या जातीही त्यांनी इकडे आणल्या आणि स्टिअरोथर्मोफिलसला प्रजातीची आदर्श जात (जिच्यावर प्रजातीचं नाव टेकलेलं असतं ती) ठरवलं.

तिथेही गोष्ट थांबली नाही. २०१६ मध्ये पूर्ण जीनोमची तुलना झाली आणि जिओबॅसिलसचीही वाटणी झाली. एका गटाच्या डीएनएत जी आणि सी यांचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ४२ ते ४४ च्या घरात. दुसऱ्या गटाला पॅराजिओबॅसिलस नाव मिळालं. त्याआधीच पॅलिडस ही जात एअरिबॅसिलसमध्ये आणि टेपिडामन्स ही ॲनॉक्सिबॅसिलसमध्ये गेली होती.

हे डोक्यात बसत नसेल तर सातबारा आठवा. जमीन तीच, गट नंबर तोच, फेरफार होऊन वर नाव बदललेलं. १९८० च्या दशकातल्या लेखात बॅसिलस थर्मोग्लुकोसिडॅसियस वाचलं, २००५ च्या लेखात जिओबॅसिलस थर्मोग्लुकोसिडॅसियस, आणि आज पॅराजिओबॅसिलस थर्मोग्लुकोसिडॅसियस. ते तीन जिवाणू नाहीत, एकाच गटाचे तीन फेरफार आहेत. माझ्या प्रबंधाच्या संदर्भ-आढाव्यात मी या एकाच जिवाणूला दोन वेगळे परिच्छेद दिले होते. बाहेरच्या परीक्षकांनी ते दोन्ही परिच्छेद मला मोठ्याने वाचायला लावले.

आजचं नाव कुठलं, हे पाहायला एलपीएसएन ही नामसूची वापरा. फुकट आहे. जुनं नाव टाकलं तरी ती आजच्या नावाकडे नेते. पाठ्यपुस्तकात फर्मिक्युट्स असं लिहिलेल्या संघाचं नाव २०२१ पासून बॅसिलोटा आहे, तेही तिथेच दिसेल.

आणि थर्मस वेगळा. थर्मस अक्वाटिकस ब्रॉक आणि फ्रीझ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतून वर्णन केला. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारा टॅक पॉलिमरेज त्याच्यापासून आला. तो ग्रॅम-निगेटिव्ह आहे (ग्रॅम रंजनात गुलाबी दिसतो), बीजाणू करत नाही आणि त्याचं घराणंच निराळं. 'गरम पाण्यातला जिवाणू' म्हटलं की नवखे लोक दोघांना एका दोरीत ओवतात. आपल्या जिओबॅसिलसकडूनही एक पॉलिमरेज मिळतो, बीएसटी नावाचा. लॅम्प पद्धतीच्या (एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती काढणाऱ्या) चाचण्यांत तो असतो. परीक्षकांना हा प्रश्न फार आवडतो.

२. नमुना कुठून घ्यायचा

खान्देशात उनपदेवखेरीज सुनपदेव आहे आणि नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातही एक उनपदेव आहे. बसमध्ये बसण्याआधी कुठल्या उनपदेवला जायचं ते नक्की करा, माझा एक वर्गमित्र उलट्या दिशेला पोचला होता. या गरम पाण्यामागे ज्वालामुखी नाही. तापीच्या खोऱ्यालगत जमिनीत खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं, खोलवर तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

झऱ्यावर गेलात की तीन जागा वेगळ्या धरा: पाणी पहिल्यांदा बाहेर पडतं ती जागा, कडेच्या दगडावरचा हिरवट-तपकिरी थर, आणि तळाचा गाळ. पाण्यापेक्षा गाळात बीजाणू जास्त सापडतात. आंघोळीच्या कुंडातलं पाणी घेऊ नका. तिथे साबण, तेल आणि माणसांच्या अंगावरचे जिवाणू असतात. यात्रेच्या दिवसांत तर जाऊच नका.

झऱ्यापर्यंत जाणं जमत नसेल तरी हरकत नाही. शेणखताचा उकिरडा किंवा केळीच्या खांबांचा, पानांचा कंपोस्टचा ढीग पुरतो. हिवाळ्यात पहाटे ज्या ढिगातून वाफ निघते, त्याच्या पोटात कोपरापर्यंत थर्मामीटर घाला, ५५-६० अंश सहज दाखवतो. पॅराजिओबॅसिलस टोबी ही जात कोरियातल्या पेंढ्याच्या कंपोस्टमधून मिळाली. 'टोबी' म्हणजे कोरियन भाषेत कंपोस्टच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ढिगांना काय तोटा?

३. पाणी भरताना

सकाळी लवकर जा. तापमान आणि पीएच तिथल्या तिथे मोजून वहीत लिहा. जळगावला येऊन मोजलेल्या तापमानाला काही अर्थ उरत नाही. थर्मामीटर पाण्यात दोन मिनिटं धरा आणि आत असतानाच वाचा.

बाटली दोरीने सोडा किंवा हातमोजा घालून धरा. तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे ठेवा, वरची थोडी जागा रिकामी सोडा. एक बाटली थर्मासात ठेवून गरम न्यायची, दोन साध्या. बीजाणू करणाऱ्या जिवाणूंना बर्फाची गरज नसते. त्यांचं काय, ते धुळीतही वर्षानुवर्षं पडून राहतात. थर्मास घ्यायचा तो बीजाणू न करणाऱ्या मंडळींसाठी, म्हणजे थर्मससारख्यांसाठी.

कोमट डबक्यात उतरून पाणी नाकात जाऊ देऊ नका. नेग्लेरिया नावाचा अमिबा ४५ अंशांपर्यंतच्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर वाचणं कठीण.

मी बाटल्या भरत होते तेव्हा एक आजोबा कठड्यावर बसून पाहत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काय वं माय, इतलं जपीसन पानी कसाले भरी ऱ्हायनी? आठे ते फुकट से." मी पाण्यातल्या जिवाणूंबद्दल सांगितलं. त्यांनी कुंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आम्ही तर लहानपणापासून आंघोळ करतो. जिवाणू म्हटलं की रोगच, असं लोकांना वाटतं. जिओबॅसिलसला आपलं ३७ अंशांचं अंग थंड पडतं, हे त्यांना समजावलं तेव्हा ते मोकळेपणी हसले. तुम्हीही कुंडाकाठी 'जंतू' हा शब्द टाळा. त्या पाण्यावर लोकांची श्रद्धा असते.

४. साठ अंशांवर प्लेट जगवणं

खरी मेहनत इथे आहे. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

पहिली अडचण बीजाणू निवडण्याची. नमुना ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवला की बीजाणू न करणारे बहुतेक मरतात. स्टिअरोथर्मोफिलसचे काही बीजाणू मात्र इतके सुस्त असतात की त्यांना जागं करायला १०० अंशांवर दहा मिनिटं लागतात. दोन्ही करून पाहा, आणि एक भाग न तापवता तसाच पसरा.

दुसरी अडचण सुकण्याची. नेहमीच्या प्लेटमध्ये १५-२० मिली माध्यम ओततात. ६० अंशांवर ते एका रात्रीत आकसून कडेपासून सुटतं. सकाळी झाकण उघडलं तर आत नागलीच्या पापडासारखा पातळ चकता होता आणि त्यावर माझ्या तीन दिवसांच्या कामाचे सुरकुतलेले ठिपके. उपाय असे:

- प्लेटमागे २५-३० मिली माध्यम ओता.
- अगार दीड टक्क्याऐवजी दोन ते तीन टक्के घ्या. अगार वितळायला ८५ अंशांच्या आसपास लागतात, म्हणून ६० वर तो वितळत नाही, पण मऊ पडतो आणि पाणी सोडतो. सत्तरीच्या पुढे जायचं तर जेलन गम बरा.
- ओतलेल्या प्लेटा एक दिवस बाहेर ठेवून वरचं पाणी जिरू द्या. नाहीतर वसाहती एकमेकींत वाहत जातात.
- प्लेटा उलट्या ठेवा, चार-चार करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि इनक्युबेटरच्या तळाला स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवा. ताटलीतलं पाणी रोज पाहा.

तिसरी अडचण माणसांची. आमच्या प्रयोगशाळेतला इनक्युबेटर सामायिक होता. मी संध्याकाळी ६० वर लावून जायचे, सकाळी तो ३७ वर असायचा, कारण कुणाचा तरी ई. कोलाय आत होता. दोन आठवडे मला वाटत होतं, उनपदेवच्या पाण्यात काही नाहीच. वेगळा इनक्युबेटर मिळवा. मिळत नसेल तर बटणावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहा आणि आत स्वतःचा थर्मामीटर ठेवा. बाहेरचा आकडा आणि आतलं तापमान यात तीन-चार अंशांचा फरक मी स्वतः पाहिला आहे. लाइट गेल्याची वेळही वहीत लिहा.

मे महिन्यात आपल्याकडे एक गंमत होते. बाहेर पारा ४४ वर असताना, थंड करायची सोय नसलेला इनक्युबेटर ३७ वर येऊच शकत नाही. साधे जिवाणू वाढवणारे मित्र डोक्याला हात लावून बसतात. आपलं काम मात्र मजेत चालू असतं.

वसाहती १८ ते २४ तासांत दिसतात. ४८ तास वाट पाहू नका. ६० अंशांवर जुन्या पेशी स्वतःच विरघळतात आणि दुसऱ्या दिवशी दिसलेली वसाहत चौथ्या दिवशी नुसता डाग उरते. दिसली की लगेच नव्या प्लेटवर रेघ ओढा.

थर्मस हवा असेल तर हे न्यूट्रिअंट अगार चालत नाही. त्याला पातळ, कमी पोषणाचं माध्यम लागतं. जाड माध्यमावर तो रुसतो.

५. शुद्ध करा, साठवा

तीन वेळा एकाच वसाहतीतून रेघ. मग १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० वर, नसेल तर उणे २० वर. सोबत एक तिरकी नळी खोलीच्या तापमानाला ठेवा. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक द्या, मी 'यूएन-१' पासून दिले. अजून नाव देऊ नका.

६. सूक्ष्मदर्शकाखाली

ग्रॅम रंजन १२-१८ तासांच्या ताज्या वाढीवर करा. जुन्या वाढीत या दांड्या रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. माझा 'यूएन-३' तीन दिवसांच्या प्लेटवरून ग्रॅम-निगेटिव्ह निघाला होता, ताज्यावरून जांभळा. या घराण्यात ग्रॅमचा निकाल तसाही डळमळीत असतो, म्हणून त्याच्या जिवावर निष्कर्ष काढू नका.

बीजाणूंसाठी मॅलाकाइट ग्रीन वाफेवर पाच मिनिटं आणि वरून सॅफ्रानिन. दांडी गुलाबी, तिच्या टोकाजवळ हिरवा लंबगोल मणी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अख्ख्या लॅबला बोलावलं होतं. बीजाणू होत नसतील तर माध्यमात किंचित मँगनीज सल्फेट घाला आणि दोन-तीन दिवस थांबा.

कॅटॅलेज (३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बुडबुडे), स्टार्चवर आयोडीन, नायट्रेट या नेहमीच्या चाचण्या आहेतच. फक्त सगळ्या ५५-६० अंशांवर करा. किटवरच्या सूचना ३७ अंशांसाठी लिहिलेल्या असतात.

७. तापमानाची शिडी

माझ्या मते ही चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी आहे, आणि प्रबंधांत तीच अर्धवट केलेली असते. ३७, ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७० आणि ७५ अंशांवर एकाच वेळी पेरलेल्या नळ्या ठेवा. जिओबॅसिलस साधारण ३७ ते ७५ च्या दरम्यान वाढतो, ५५ ते ६५ वर त्याला सुख वाटतं, आणि पीएच त्याला ६ ते ८.५ चालतो.

तुमचा जिवाणू ३० अंशांवर जोमात वाढतो आणि ५५ वर कसाबसा तग धरतो, असं दिसलं तर तो बहुधा साधा बॅसिलस, उदाहरणार्थ लायकेनिफॉर्मिस. तो सोसतो, पण त्याला उष्णता आवडत नाही. सोसणं आणि आवडणं यातला फरक आपल्याकडे मे महिन्यात कुणालाही कळतो.

दोन सापळे. नळीतलं पाणी उडून जातं आणि माध्यम दाट होतं, म्हणून बूच घट्ट लावा आणि पाण्याची पातळी खुणेने बघत राहा. आणि तापमान वाढलं की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. स्थिर नळीत ७० वर वाढ दिसली नाही म्हणजे तापमान सोसलं नाही असं नाही, कदाचित हवाच पुरली नसेल. शेकर असेल तर वापरा.

८. डीएनए आणि ब्लास्टचा मोह

१६एस जनुक साधारण १५०० अक्षरांचं. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (जनुकाच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) चालतात. डीएनए वाचायच्या सँगर पद्धतीत एका वाचनात ७०० ते ९०० अक्षरं नीट येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. पैसे वाचवायला एकच बाजू वाचलीत तर अर्ध्या जनुकावर नाव ठरवाल. आलेखाची फाइलही मागून घ्या आणि टोकाची गिचमिड अक्षरं कापा.

मग ब्लास्ट. माझी चूक इथलीच. मी सगळ्या साठ्यात शोधलं, वर ९९ टक्के जुळणारं पहिलं नाव आलं ते जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, आणि मी तेच मुखपृष्ठावर छापलं. परीक्षकांनी विचारलं, "खालची चार नावं किती टक्के जुळतात?" मी पाहिलंच नव्हतं. तीही ९९ टक्के होती.

कारण असं: १६एस जनुकात ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर जात वेगळी, हे बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं. वर असेल तर जात तीच, हे म्हणता येत नाही. जिओबॅसिलसमध्ये तर वेगवेगळ्या जातींचं १६एस एकमेकींशी ९९ टक्क्यांपर्यंत जुळतं. चुलत भावांच्या चेहऱ्यासारखं. घर ओळखता येतं, कोणता भाऊ ते येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

- शोध फक्त आदर्श स्ट्रेनच्या (ज्यावरून जातीचं नाव ठरलं त्या मूळ जिवाणूच्या) साठ्यात करा. ब्लास्टमध्ये तशी निवड आहे, इझबायोक्लाउड या संकेतस्थळावरही तोच आधार. सगळ्या साठ्यात लोकांनी स्वतःच ठरवलेली नावं असतात, त्यात माझ्यासारख्यांची चुकीचीही आहेत.
- वरची दहा नावं, टक्के आणि किती लांबी जुळली ते तक्त्यात लिहा.
- प्रत्येक नाव एलपीएसएनमध्ये टाकून आजचं नाव शोधा. दहातली तीन-चार जुनी नावंच असतात.
- वंशवृक्ष काढा. त्यात ॲनॉक्सिबॅसिलस, पॅराजिओबॅसिलस आणि एअरिबॅसिलस मुद्दाम घाला, बाहेरचा गट म्हणून बॅसिलस सबटिलिस. तुमचा जिवाणू कुठल्या फांदीवर बसतो ते पाहा. झऱ्यातून ॲनॉक्सिबॅसिलस फार निघतात आणि प्लेटवर ते जिओबॅसिलससारखेच दिसतात.
- जातीपर्यंत जायचंच असेल तर रेकएनसारखं जास्त बदलणारं जनुक वाचा, किंवा पैसे असतील तर पूर्ण जीनोम. जीनोमच्या सरासरी साम्याची रेघ ९५-९६ टक्क्यांवर आणि संगणकीय डीएनए-संकराची ७० टक्क्यांवर मानतात. जी-सी प्रमाणही तिथेच कळतं, आणि जिओ की पॅराजिओ हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

९. नाव लिहिताना

फक्त १६एस असेल तर 'जिओबॅसिलस एसपी. यूएन-७' असं लिहा. यात कमीपणा काही नाही. परीक्षकांना प्रामाणिक 'एसपी.' पचतं, उसनी जात पचत नाही. प्रजाती आणि जात तिरप्या अक्षरात, 'एसपी.' आणि स्ट्रेनचा क्रमांक सरळ.

नवी जात सापडली असं वाटलं (सगळ्यांना एकदा वाटतंच), तर आधी डबल तपासा. नवं नाव वैध व्हायला वर्णन प्रसिद्ध व्हावं लागतं आणि आदर्श स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा असावा लागतो. इथेच तो परवानगीचा कागद लागतो.

१०. ऑटोक्लेव्हचं भान

हे शेवटी लिहिते, पण करायचं पहिल्या दिवसापासून. तुम्ही जे वाढवताय त्याचेच बीजाणू पट्टीवर लावून जगभर ऑटोक्लेव्हची परीक्षा घेतात. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, १५ मिनिटांत ते मेले तर यंत्र ठीक. पट्टी नंतर ५५-६० अंशांवर ठेवतात, जांभळं माध्यम पिवळं झालं तर बीजाणू जिवंत राहिले असं समजायचं. म्हणजे तुमच्या प्लेटांत इस्पितळातल्या निर्जंतुकीकरणाचा मापदंड वाढतोय. वेळ पाच मिनिटांनी कमी केलीत, डबा गच्च भरलात किंवा आतली हवा नीट न सोडता दाब धरलात, तर पुढच्या बॅचच्या माध्यमात तेच बीजाणू उगवतील आणि तुम्ही त्यांना उनपदेवचे समजाल.

प्रत्येक बॅचमागे दोन प्लेटा न पेरता ६० अंशांवर ठेवा. माझा 'यूएन-९' असाच सापडला होता. न पेरलेल्या प्लेटवर.

काम संपलं की चांगले स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहात जमा करता येतात. अर्जात झऱ्याचं ठिकाण, तारीख, तापमान आणि पीएच विचारतात. वहीतलं तिसऱ्या पायरीचं पान तेव्हा लागतं. कॉलेजच्या फ्रीजवर भरवसा ठेवू नका. माझ्या बारापैकी सात स्ट्रेन उन्हाळ्याच्या सुट्टीत लाइट गेल्यावर त्यातच गेले. 'यूएन-७' वाचला, तो घरी कपाटात तिरक्या नळीत पडून होता म्हणून.